लायब्ररीतल्या माणसांना शिकू द्या : पुण्यातल्या संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना खुलं पत्र

मा. संस्थाचालक, सचिव आणि प्राचार्य सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या लायब्ररीतल्या एका अटेंडंट मुलीने बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, ॲडमिशन घ्यायची म्हणून ना हरकत पत्र मागितलं होतं. अर्ज दोन आठवडे ऑफिसात फिरला आणि परत आला, वर पेनाने लिहिलेलं, "कामात अडचण येईल." ती काही बोलली नाही, अर्जाची घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवर रचायला लागली. मी समोरच इश्यू काउंटरला बसले होते, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कॉलेजचं नाव लिहीत नाहीये, कारण ही एका कॉलेजची गोष्ट नाही. पुण्यात माझ्या ओळखीचे जे जे लायब्ररीत काम करतात त्यातल्या बऱ्याच जणांकडे असा एखादा परत आलेला अर्ज आहे, कुणाचा बी.लिब.चा, कुणाचा त्यापुढच्या एम.लिब.चा, कुणाचा सेटच्या म्हणजे राज्याच्या पात्रता परीक्षेच्या रजेचा. म्हणून एकट्या माझ्या सरांना न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितेय.

मी २०११ ला लायब्ररी अटेंडंट म्हणून लागले. बी.कॉम. झालं होतं, बँकेच्या परीक्षा देत होते, मधल्या काळात काहीतरी करावं म्हणून आले. काम काय तर नवीन पुस्तकांवर शिक्के मारायचे, ठरलेल्या पानावर गुप्त शिक्का मारायचा, दाखल रजिस्टरला नंबर चढवायचा, पाठीवर लेबल चिकटवायचं, खिसा आणि डेट स्लिप लावायची, आणि पुस्तकं कपाटात लावायची. वर्षभरात मला कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात ते तोंडपाठ झालं. मुलं म्हणायची ताई, तुम्हाला कॉम्प्युटरची गरजच नाही, आणि मला पण वाटायचं की झालं, लायब्ररीचं काम आलं आपल्याला. लेबलवर ८९१.४६ लिहिताना तो आकडा कुठून आला, तोच का, हे चार वर्षं एकदाही माझ्या मनात आलं नाही, ग्रंथपाल मॅडम पेन्सिलने लिहून द्यायच्या आणि मी तो पेनाने गिरवायचे.

त्याच मॅडमनी मला मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणून दिला, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण विद्यापीठाचा. मी नाही म्हणत होते, मुलगा लहान होता, रविवार एकच सुट्टी. त्यांनी तेव्हाच्या प्राचार्यांशी बोलून परीक्षेच्या दिवसांची रजा आधीच मंजूर करून घेतली आणि मग मला सांगितलं की आता तुझ्याकडे कारण उरलेलं नाही. रविवारी सकाळी हडपसरहून बस पकडून अभ्यास केंद्रावर जायचं, डबा घेऊन, दिवसभर बसायचं. वर्गात माझ्यासारखेच सगळे, कुणी शाळेच्या लायब्ररीत, कुणी गावच्या सार्वजनिक वाचनालयात, एक काका तर पन्नाशीचे होते आणि ते शिरूरकडून यायचे.

पहिल्या काही तासांतच मला ८९१.४६ चा उलगडा झाला. मेलविल ड्युई या अमेरिकन माणसाने १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण काढलं, सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग, त्यात साहित्य म्हणजे ८००. अमेरिकन साहित्याला अख्खं ८१०, इंग्रजीला अख्खं ८२०, आणि मराठी कुठे तर इतर भाषांच्या ८९० मध्ये, त्यातही दशांश चिन्हाच्या पुढे. १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ लावला की कथा-कादंबरी. म्हणजे मी चार वर्षं जो आकडा गिरवत होते त्यात कुणीतरी कुठेतरी बसून जगातल्या भाषांना जागा वाटून दिलेली होती, आणि आपल्या भाषेला ती अशी कोपऱ्यात मिळाली होती. मला राग पण आला आणि त्याच वेळी इतकी मजा वाटली की घरी येताना बसमध्ये दुकानांच्या पाट्या वाचत हे कुठल्या वर्गात जाईल, ते कुठल्या वर्गात जाईल हेच करत होते.

पण खरा फरक कळला तो २७ फेब्रुवारीला. मराठी भाषा गौरव दिन म्हणून मराठी विभागाने कुसुमाग्रजांच्या पुस्तकांचं प्रदर्शन लावायला सांगितलं. आमच्या सहकाऱ्याने कॉम्प्युटरवर कुसुमाग्रज टाकलं, जेवढी पुस्तकं आली तेवढी काढून टेबलावर मांडली. सगळे कवितासंग्रह. नाटक एकही नाही. कारण नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाने आहेत आणि आमच्या कॅटलॉगला ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे माहीतच नव्हतं. शिरवाडकर म्हणून शोधलं तर तिथेही तीन प्रकार, एकदा शिरवाडकर वि. वा., एकदा विष्णू वामन शिरवाडकर, एकदा रोमन लिपीत टाईप केलेलं. आधीच्या वर्षांत मी तोंडपाठ असल्याने हाताने काढून आणलं असतं आणि कुणाला काही कळलंच नसतं. पण मी त्या दिवशी रजेवर असते तर? माझी स्मरणशक्ती म्हणजे लायब्ररी नव्हे हे मला तेव्हा लख्ख समजलं. याला आमच्या शास्त्रात ऑथॉरिटी कंट्रोल म्हणतात, एका माणसाचं एक प्रमाण नाव ठरवायचं आणि बाकी सगळ्या नावांवरून तिकडे वाट काढून द्यायची. मराठीत तर हे पावलोपावली लागतं, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, बालकवी म्हणजे ठोंबरे, केशवसुत म्हणजे दामले, आणि ज्ञानेश्वर, तुकाराम यांना तर आडनावाच्या रकान्यात बसवायचं कसं हाच प्रश्न. मी आणि मॅडमनी त्या उन्हाळ्यात बसून मराठी लेखकांची नावं एकेक करून दुरुस्त केली, दोन महिने लागले, कुणी सांगितलं नव्हतं. आज आमच्याकडे कुठलाही मुलगा कुठलंही नाव टाकू दे, त्याला सगळी पुस्तकं दिसतात. हे बी.लिब.मुळे झालं. शिक्के मारून मारून हे मला वीस वर्षांत सुचलं नसतं.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. एसवायचा एक मुलगा आला, म्हणे पाण्यावर पुस्तक आहे का. पूर्वीची मी असते तर भूगोलाचं कपाट दाखवलं असतं आणि तो पाच मिनिटं उभा राहून निघून गेला असता, अशी कितीतरी मुलं मी घालवली असतील. रेफरन्स इंटरव्ह्यू नावाचा एक भाग असतो अभ्यासक्रमात, त्यात शिकवतात की वाचक पहिल्यांदा जे मागतो ते बहुतेक वेळा त्याला हवं असलेलं नसतं, त्याला लाज न वाटू देता, चौकशी केल्यासारखं न करता, हळूहळू विचारायचं. मी विचारलं कशासाठी पाहिजे, कधी द्यायचंय, सर काय म्हणालेत. बोलता बोलता कळलं की त्याला धरणं होण्याआधी पुण्याला पाणी कुठून यायचं यावर प्रोजेक्ट करायचाय. मग मी त्याला मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला जिल्ह्यांच्या माहितीचा ग्रंथ, काढून दिलं, पुणे जिल्ह्याचा १८ वा खंड, १८८५ चा, तीन भागांत आहे. त्यातलं पाणीपुरवठ्याचं वर्णन आम्ही सोबत बसून वाचलं, पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणलं आणि पेठांमधल्या हौदांतून लोक ते भरायचे. तो मुलगा रोज फडके हौद चौकातून कॉलेजला येतो, त्याला हौद म्हणजे खरंच हौद होता हे त्या दिवशी कळलं. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. नंतर तो वर्षभर दर आठवड्याला येत राहिला.

आता रंगनाथन यांच्याबद्दल लिहिते, कारण तुम्ही सगळे त्यांना ओळखता. दरवर्षी १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनाला तुम्ही लायब्ररीत येता, त्यांच्या फोटोला हार घालता, दोन शब्द बोलता, आम्हाला बरं वाटतं. पण डॉ. एस. आर. रंगनाथन १९२४ पर्यंत लायब्ररीतले नव्हतेच, ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली आणि थोड्याच दिवसांत ते इतके कंटाळले की परत शिकवायला जाऊ द्या म्हणायला लागले. तेव्हा त्यांना लंडनला ग्रंथालयशास्त्र शिकायला पाठवलं गेलं, युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये, तिथे त्यांना बर्विक सेयर्स यांच्यासारखे शिक्षक भेटले, कितीतरी लायब्ऱ्या त्यांनी फिरून बघितल्या. तिथल्याच एका दुकानात मेकॅनो हा खेळ बघून त्यांना सुचलं की विषयाचे सुटे भाग करून ते जोडत वर्गांक तयार करता येईल. १९२५ ला परत आले ते दुसराच माणूस होऊन, पुढची वीस वर्षं त्यांनी ती लायब्ररी सांभाळली. १९३३ ला सुटे भाग जोडायचं ते द्विबिंदू वर्गीकरण आलं, आणि त्याआधी १९३१ ला ग्रंथालयाची पंचसूत्री आली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लायब्ररीत ही सूत्रं भिंतीवर लावलेली आहेत. कृपा करून एवढाच विचार करा की त्या वेळी कुणीतरी सही केली, कुणीतरी रजा दिली, कामात अडचण येईल असं लिहिलं नाही, म्हणून हे घडलं.

आणि आपल्याच माणसाचं उदाहरण द्यायचं तर सयाजीराव महाराज. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा बडोद्याचा राजा झाला, त्यांनी १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना अमेरिकेतून बोलावून घेतलं आणि १९११ मध्ये लायब्ररीत काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. नुसती पुस्तकं विकत घेऊन, इमारती बांधून ते थांबले नाहीत, लायब्ररी चालवणारी माणसं आधी शिकली पाहिजेत हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

बी.लिब.नंतर मी एम.लिब. केलं. त्यात प्रोजेक्ट असतो, मी माझ्याच लायब्ररीवर केला, कोणती पुस्तकं वापरली जातात आणि कोणती नाही. एकेक कपाट घेऊन डेट स्लिपा बघत बसायचे संध्याकाळी. वाणिज्यच्या एका कपाटात तर कायदा बदलून गेलेली, अभ्यासक्रम बदललेली पुस्तकं भरलेली होती आणि ज्या पुस्तकांसाठी मुलं अप्पा बळवंत चौकात जाऊन जुन्या प्रती शोधत होती त्यांच्या आमच्याकडे दोनच प्रती होत्या. हे सगळं तक्ते करून लिहिलं, शिफारशी केल्या, एक प्रत ऑफिसला दिली. ती फायलीला लागली. सर्व्हिस बुकात एम.लिब. झाल्याची नोंद झाली, पेढे वाटले, आणि पुढच्या जूनमध्ये मला ॲडमिशनच्या खिडकीवर फॉर्म तपासायला बसवलं, दीड महिना. त्याच दीड महिन्यात लायब्ररीचा जुना डेटा कोहा या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरवर न्यायचा होता. त्यातली मराठी नोंद जुन्या फॉन्टमध्ये होती, युनिकोडमध्ये नव्हती, तशीच चढवली गेली आणि हजारो पुस्तकांची नावं स्क्रीनवर नुसत्या खुणा-अक्षरांची खिचडी होऊन आली. मी हे प्रॅक्टिकलला शिकले होते. मी तीस पावलांवर बसले होते. मला कुणी विचारलं नाही. या पत्रात मला सगळ्यात जास्त दुःख कशाचं वाटत असेल तर याचं. त्या नोंदी आम्ही अजून दुरुस्त करतोय.

म्हणून मी फक्त शिकू द्या एवढंच म्हणत नाहीये. शिकल्यावर त्या माणसाचं काम बदललं पाहिजे. डिग्री झाली आणि खुर्ची तीच, शिक्का तोच, तर दोन वर्षांचे रविवार कशासाठी घालवले? मध्ये एक प्राचार्य मॅडम आल्या होत्या, त्यांनी मला आठवड्यातून दोन तास दिले, म्हणाल्या संशोधन करणाऱ्यांना मदत कर, काउंटर दुसरं कुणी बघेल. फक्त दोन तास. एक तरुण प्राध्यापक पैसे भरून एका जर्नलमध्ये पेपर छापायला निघाले होते, आम्ही बसून त्या जर्नलचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, तपासला, संपादक मंडळ तपासलं, तो पेपर कुठे अनुक्रमित होईल ते तपासलं आणि ते बनावट निघालं, त्यांचे पैसे वाचले आणि नाव पण वाचलं. पीएचडीच्या मुलांना यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम समजावून सांगितले, दहा टक्क्यांपर्यंत साम्य आलं तर काय, चाळीसच्या वर गेलं तर काय, साठच्या वर गेलं तर काय, आणि मुख्य म्हणजे अवतरण आणि संदर्भ नीट कसे द्यायचे म्हणजे ती वेळच येणार नाही. शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या वेबसाइटवर आपल्या विषयात आधी काय झालंय ते कसं बघायचं हे दाखवलं तर एका मुलीने विषयच बदलला, कारण तो तसाच्या तसा आधी झाला होता.

आणि हल्ली एक नवीनच सुरू झालंय. मुलं चॅटजीपीटीला विचारून संदर्भसूची आणतात आणि म्हणतात मॅडम एवढे लेख काढून द्या. मी शोधते तर जर्नल खरं, लेखकाचं नाव खरं, वर्ष पण बरोबर वाटतं, आणि तसा लेखच नाही. मुलांना वाटतं आमच्या लायब्ररीत नाही. त्यांना समजावून सांगावं लागतं की बाळा, हा लेख कुठेच नाहीये. हे समजावून सांगणारा माणूस कॉलेजात असायला नको का? आता सगळं गुगलवर आहे, लायब्ररीत काय शिकायचंय, असं मला तुमच्यापैकी एकांनी तोंडावर विचारलं होतं, तेव्हा मला बोलता आलं नाही. हे माझं उत्तर.

दुसरं नेहमीचं बोलणं म्हणजे शिकवलं की सोडून जातात. जातात काही जण, मी खोटं बोलणार नाही. कॉलेजचा ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि वर नेट किंवा सेट लागतं, ते झालं की माणूस चांगल्या जागेकडे बघणारच, त्याला घर आहे. पण मला सांगा, जे शिकले नाहीत आणि तीस वर्षं तुमच्याकडे राहिले त्यांच्यामुळे मुलांना काय मिळालं? यात त्यांचा काही दोष नाही, त्यांना संधीच मिळाली नाही. आणि जो शिकताना तुमच्याकडे आहे तो ती दोन वर्षं रोज जे शिकतो ते दुसऱ्या दिवशी तुमच्याच कपाटांवर करून बघतो, ते तर तुमच्याकडेच राहतं. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर एकत्र आले ते माझ्या पहिल्या वर्षातच आले.

मागणं मोठं नाही. बी.लिब., एम.लिब. करणाऱ्याला परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा द्या, वर्षातून मोजून दहा-बारा दिवस होतात. रविवारी त्याला कॉलेजच्या कार्यक्रमाला, परीक्षांच्या ड्युटीला लावू नका, तेवढा एक दिवस सोडा. जमलं तर अर्धी फी भरा, नाहीच जमलं तर पगारातून हप्त्याने कापायची सोय करा, तेवढ्यानेही हातभार लागतो. त्याचा प्रोजेक्ट तुमच्याच लायब्ररीवर होऊ द्या आणि झाला की ग्रंथालय समितीच्या बैठकीत त्याला बोलवून, चहा देऊन, वीस मिनिटं ऐका. कंत्राटी माणसालाही हेच लागू करा, कारण शिकायची भूक पगारपत्रक बघून लागत नाही. आणि डिग्री झाल्यावर आठवड्यातले निदान चार तास त्याला त्या डिग्रीचं काम द्या, ॲडमिशनच्या खिडकीवर दुसरं कुणीही बसू शकतं.

एम.लिब.ला असताना आम्हाला पुण्यातल्या लायब्ऱ्या दाखवायला नेलं होतं. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, गोखले इन्स्टिट्यूटमधली धनंजयराव गाडगीळ लायब्ररी, भांडारकर संस्था. १९१७ पासून उभी असलेली संस्था, तिथे पोथ्या बासनात बांधून ठेवलेल्या बघितल्या, आणि ती पोथी सोडून दाखवणाऱ्याचे हात मी बघत राहिले, किती सावकाश, किती माहितीने. मी तेव्हा सात वर्षं लायब्ररीत होते आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण या माणसांच्या जातकुळीतले आहोत. हे वाटणं फार मोठं असतं हो. शिक्का मारणाऱ्या माणसाला ते मिळालं की तो पुस्तकाला हात वेगळा लावतो.

त्या मुलीचा अर्ज तिच्या पर्समध्ये आहे अजून. ॲडमिशनची मुदत अजून संपलेली नाही, मी तिला नवीन अर्ज लिहायला सांगितलाय, सोबत मी आणि मॅडम दोघींनी लिहून दिलंय की तिच्या परीक्षेच्या दिवसांत तिचं काम आम्ही करू. सोमवारी सकाळी तो तुमच्या टेबलावर येईल. सर, त्यावर सही करा.

आपली नम्र,
एक ग्रंथालय सहाय्यक, पुणे